मामांनी आणलेल्या गोळ्या

केरसुणी देवाच्या पाटाखालून फिरवताना काहीतरी घरंगळत बाहेर आलं आणि सिंधूच्या टाचेखाली फुटलं. फरशीवर पिवळसर, चिकट ओल पसरली. सासूच्या अमेरिकेच्या गोळ्यांपैकी एक होती ती. पुसायला म्हणून सिंधू खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

वास मासळीचा होता.

नदीच्या मासळीचा नव्हे. मरळ, वाम, रोहू यांचे वास तिला डोळे मिटूनही वेगवेगळे ओळखता आले असते; नांदेडच्या नदीकाठी, भोईगल्लीत वाढलेल्या मुलीला ते शिकावे लागत नाहीत. हा वास परका होता. खारट, फार लांबून आल्यासारखा. पण मासळीचाच.

न्हाणीत तांब्याचा आवाज चालू होता. सिंधूनं पदराच्या टोकानं फरशी पुसली, पुन्हा पुसली, मग उदबत्ती लावून पाटाशेजारी खोचली. तेवढ्यात सासू, गंगम्मा, बाहेर आली. ओल्या केसांचा बुचडा बांधत ती पाटावर बसली. गळ्यातली चांदीची डबी उघडून तिनं लिंग डाव्या तळव्यावर घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, आणि तिचे ओठ हलू लागले. पूजा झाल्यावर तिनं कोनाड्यातली बाटली काढली, दोन सोनेरी गोळ्या हातावर घेतल्या आणि तीर्थाच्या पाण्याबरोबर गिळल्या. रोजच्यासारख्याच. डोळे मिटून.

दारात उभ्या असलेल्या सिंधूनं हातातली केरसुणी उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या सालाची आठवण व्हावी असा तो उन्हाळा होता. गंगम्माच्या गावी, जळकोटला, टँकरची वाट बघून माणसं थकली होती. त्यातच गंगम्माच्या छातीत धडधड सुरू झाली. कधी जोरात, कधी मध्येच गप्प. सिंधूचा नवरा बसवंत जाऊन आईला नांदेडला घेऊन आला. लग्नाला चार वर्षं झाली तरी ती या घरात राहायला आली नव्हती. लिंगायताच्या घरात भोयाची पोर सून म्हणून आली, यावर ती कधी भांडली नाही, की कधी बोलली नाही. येताना मात्र स्वतःची तांब्याची घागर घेऊन आली. तिचं पाणी वेगळं, तिची चूल वेगळी. सिंधूनं लग्नानंतर घरात मासळी शिजवली नव्हती. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गोळ्या आणल्या होत्या गंगम्माच्या भावानं, चन्नबसप्पामामांनी. उदगीरचे कापड दुकानदार, मठाच्या कमिटीवर, आणि उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून तहसीलसमोर मंडप टाकून बसलेल्यांत सगळ्यात पुढे. एका रविवारी ते छातीवर बिल्ला लावून आले आणि पिशवीतून बाटली काढून बहिणीपुढे ठेवली.

"अक्का, अमेरिकेहून पोरानं धाडलंय. काळीज म्हंजे मशीन हाय. वंगण नको का त्याला?"

"कशाचं हाय रे?"

"तेल हाय. जवसाबिवसाचं असंल. मी सोता खाऊन राहिलो. बघ माझ्याकडं."

गंगम्मानं भावाकडं बघितलं आणि बाटली देवापाशी ठेवली.

त्या दुपारी सिंधूनं बाटली उचलून पहिल्यांदाच नीट वाचली. पुढे निळ्या लाटांचं नि सूर्याचं चित्र होतं. मागे बारीक अक्षरात समुद्रातल्या माशांची नावं होती.

संध्याकाळी गच्चीवर तिनं बसवंतला सांगितलं. पतसंस्थेतून आलेला तो शर्टाच्या बाह्या दुमडत होता. एक बाही दुमडायची तशीच राहिली.

"तिला बरं वाटून राहिलं ना?"

"देवापुढं बसून खातात त्या."

"ठाऊक न्हाई तोवर पाप न्हाई."

"मला ठाऊक हाय ना."

बसवंत कठड्यावरून खाली बघत राहिला. गल्लीत टँकरभोवती भांड्यांची रांग लागली होती.

"तू सांगितलंस तर काय होईल, ठाऊक हाय? मामा म्हणतील, भोयाच्या पोरीनंच बाटवलं..." खाली जाताना मात्र त्यानं सिंधूच्या हातातली, गच्चीवरच्या टाकीतून भरलेली बादली काढून घेतली.

सिंधू सासूला बोलली नाही. न बोलण्याचं कारण बसवंत नव्हता, मामाही नव्हते. कारण होत्या दोघींच्या दुपारी.

सिंधू शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. खिडक्या लोटून, पातळं भिजवून दारावर टाकावीत तर तेवढंही पाणी कुणाकडे नव्हतं. दोघी उघड्या फरशीवर पडून राहायच्या, मधे हातभर अंतर ठेवून. बाहेर ऊन इतकं पांढरं असायचं की गल्लीतला आवाजसुद्धा त्यात विरघळून जाई. अशाच एका दुपारी, झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी, गंगम्मा बोलू लागली होती.

"सपान पडलं गं. पाण्यात होते मी."

सिंधूनं मान वळवली. सासू छताकडे बघत होती.

"गुडघ्याएवढं पाणी. हिरवंगार. खालची वाळू दिसून राहिली. आमच्या जळकोटात कुठली आलीय नदी? हिरीत वाकून बघितलेलं तेवढंच पाणी. मला पवता येत न्हाई. तरी भ्या वाटलं न्हाई बघ."

"वाहतं होतं का?"

"हळू. कुणी कुशीवर वळावं तसं." मग तिनं विचारलं, "तुझ्या बापाची होडी हाय म्हणं. होडीत बसल्यावर कसं वाटतंय?"

चार वर्षांत तिनं सिंधूच्या बापाचं नाव काढलं नव्हतं. सिंधू सांगू लागली. श्रावणात गोदावरीचं पाणी कसं मातकट होतं, आणि दसऱ्याला कसं निवळतं. होडीच्या फळीला कान लावला तर खालून पाणी कसं गुणगुणतं. लहानपणी ती तशीच फळीवर झोपून जायची आणि बाप तिला उचलून घरी न्यायचा. गंगम्मा डोळे मिटून ऐकत होती.

"आणिक सांग," ती म्हणाली.

मग रोजच तसं होऊ लागलं. सासू रात्री पाहिलेलं पाणी सांगायची, सून दिवसाउजेडी पाहिलेलं. कधी कधी कुठलं कुणाचं ते कळेनासं व्हायचं. मधलं हातभर अंतर कधी कमी झालं तेही कळलं नाही. गोळ्यांमुळे अशी स्वप्नं पडत नसतात, हे सिंधूला कळत होतं. दुष्काळात सगळ्यांनाच पाणी दिसतं. पण एकदा गंगम्मा म्हणाली, "काल पायाला काहीतरी लागून गेलं बघ. मऊ, गार. मी बघितलं तर न्हाई तिथं," तेव्हा सिंधूच्या अंगावर काटा आला. आपण हे ऐकण्यासाठी गप्प बसलो आहोत, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. सांगितलं की या दुपारी गेल्या.

ज्येष्ठ लागला तरी ढग नव्हता. एका दुपारी गंगम्मा एकदम उठून बसली.

"सिंधू, हिकडं ये. बघ."

तिनं सुनेचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. चांदीच्या डबीच्या शेजारी. सासूच्या हाताचा असा स्पर्श सिंधूला पहिल्यांदाच होत होता. तळव्याखाली काळीज होडीच्या तळाशी टाकलेल्या मासळीसारखं तडफडत होतं. दोन झटके, मग काहीच नाही, मग एकदम सगळे एकावर एक.

"घाबरू नकोस," गंगम्माच सुनेला म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "चन्नूची आणिक एक गोळी दे. तो म्हणला व्हता, जास्ती झालं तर जास्ती घे."

सिंधूनं कोनाड्यातली बाटली उचलली. उघडली नाही. पर्समध्ये टाकली आणि सासूला चपला दिल्या.

"आधी दवाखान्यात जाऊ, अव्वा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, ती उजेडाकडे धरून पाहिली.

"दिलेल्या गोळ्या वेळेवर घेता ना, आजी?"

"हाव."

"आणखी काही? काढा, चूर्ण, टॉनिक?"

"काही न्हाई बाई. आमी साधं खाणारी माणसं."

सिंधू खुर्चीच्या मागे उभी होती. तिला सासूच्या मानेवरची विभूतीची पुसट रेघ दिसत होती. बोलायचं की नाही, हे ठरवायला फार वेळ आहे असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

"अमेरिकेच्या गोळ्या घेतात," ती म्हणाली.

गंगम्मानं मागे वळून पाहिलं. "ते काय औषध व्हय? तेल हाय ते. जवसाचं."

सिंधूनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"जवसाचं न्हाई, अव्वा. माशाचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी बाटली फिरवून वाचली, त्यांना त्यात विशेष काही दिसलं नाही.

"किती घेता?"

सिंधूनंच सांगितलं, "सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

"हृदयाला चांगलं म्हणून पुष्कळ लोक घेतात. पण एवढं घेतल्यावर काहींचा ठोका उलट जास्त चुकतो. याच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, आजी. तुमचा त्रास आधीचाच आहे. पण हे आता बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुम्हाला. तिच्याबरोबर मला विचारल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही."

त्यांनी एक गोळी बदलून दिली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. रिक्षात गंगम्मानं पदर तोंडावर धरला होता. घर येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

आल्याबरोबर ती न्हाणीत गेली. बाहेर सिंधूला तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज येत राहिला. परवापर्यंत पुरवायचं पाणी होतं ते. आवाज थांबला तेव्हा सिंधूनं आपल्या वाट्याची घागर उचलून न्हाणीच्या दाराशी ठेवली. दार किलकिलं झालं, घागर दिसल्यावर पुन्हा लागलं. घागर भरलेलीच राहिली.

त्या दिवशी गंगम्मा जेवली नाही. बसवंतनं दोनदा ताट नेलं. परत आणताना तो स्वयंपाकघरात सिंधूला दबक्या आवाजात म्हणाला, "तिथंच सांगायचं काय अडलं होतं?" सिंधूनं त्याच्या हातातून ताट घेतलं आणि भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

सकाळी मामांचा फोन आला. गंगम्मा फोन कानापासून लांब धरायची, त्यामुळे पलीकडचं सगळं घराला ऐकू यायचं. मागे मंडपातला लाउडस्पीकर चालू होता. नवा जिल्हा झाल्याशिवाय उठायचं नाही, असं कुणीतरी गरजून सांगत होतं.

"अक्का, बसवंत काय म्हणून राहिला? माशाचं? कुणी घातलं तुझ्या डोक्यात? ती म्हणली असंल, ती..."

"डॉक्टरीणबाई म्हणली," गंगम्मा म्हणाली. "चष्मा लाव आन तुझ्या बाटलीवर वाच. मागल्या अंगाला. बारीक हाय."

पलीकडे हालचाल झाली. मग फक्त लाउडस्पीकर ऐकू येत राहिला.

"चन्नू? हायस का? तू बी खातोस न्हवं रोज?"

मामांचा आवाज आला तेव्हा तो एवढासा झाला होता. "अक्का... मठात बी एक बाटली दिलीय मी."

गंगम्मानं फोन खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. दारातून धावत आलेल्या सिंधूला आधी वाटलं, रडतेय. जवळ गेल्यावर कळलं की ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती आणि थांबता येत नाही म्हणून एका हातानं छाती धरून होती.

हसू ओसरल्यावर शेजारच्या फरशीवर तिनं हात थोपटला. सिंधू बसली.

"तुला कवा कळलं?"

"वैशाखात. एक गोळी फुटली होती. मी पुसून घेतलं."

"आन बोलली न्हाईस."

"न्हाई."

"भ्यालीस?"

"तुमी बोलायच्या बंद झाल्या असत्या."

गंगम्माचा हात गळ्यातल्या डबीकडे गेला. झाकणावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "काल रातभर ह्याच्याशी भांडले. म्हणलं, तू हितंच व्हतास की माझ्या छातीवर. तुला कळलं न्हाई का? कळलंच असंल. गप बसला." तिनं सुनेकडं बघितलं. "तो अजून बी गप हाय. तू बोललीस तरी."

त्या दुपारी दोघी जेवल्या. भाकरी सिंधूच्या चुलीवरची होती. बाटली बसवंतबरोबर उदगीरला परत गेली; मामांनी ती कुठे टाकली, ते कुणी विचारलं नाही. गंगम्माचा ठोका पूर्ण ताळ्यावर आला असं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं. पण धडधड कमी झाली, आणि आली तरी गंगम्मा आता कुणाला न सांगता भिंतीला टेकून बसत नसे. सिंधूला हाक मारायची.

पुढचा आठवडा सरता सरता एके सकाळी पूजा आटोपून ती म्हणाली, "मला नदी दाव."

"आता काय बघायचं तिथं, अव्वा? दगडं नुसती."

"दगडं तर दगडं."

नदी खरंच उघडी पडली होती. पात्रातल्या शिळा जनावरांच्या पाठींसारख्या वर आल्या होत्या आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यांच्यामधून वाफ निघाल्यासारखी हवा हलत होती. मधे एक डोह उरला होता, एखाद्या अंगणाएवढा. भोईगल्लीतली चार-सहा माणसं त्यात कमरेपर्यंत उतरली होती. सासूला एका शिळेवर बसवून सिंधू बापाला हाक मारणार तेवढ्यात त्यांनीच दोघींना पाहिलं. सटवाजी गडबडले. ओल्या बनियनला हात पुसत, पण जवळ न येता, लांबूनच म्हणाले,

"ईनबाई? आन हितं, उनाचं?"

"काय करून राहिलात?" गंगम्मानं विचारलं.

"हितलं पानी ऱ्हात न्हाई आता. मोठी मासळी खालच्या डोहात नेऊन सोडून राहिलो. मासळीचं बी राहिलं तर पावसात नदी पुन्ना भरंल." मग काहीतरी चुकल्यासारखं ते म्हणाले, "तुमाला वास येत असंल. तुमी वर घाटावर बसा की."

गंगम्मा उठली, पण घाटाकडे गेली नाही. शिळांचा आधार घेत ती डोहाच्या कडेपर्यंत उतरली. सिंधू मागे हात धरून होती. पाण्यावर ठिकठिकाणी तोंडं उघडमीट करत होती, हवा पिणारी. काळसर पाठी एकमेकींना घासून वळत होत्या. जन्मात तिनं जिता मासा जवळून पाहिला नव्हता. ती इतका वेळ पाहत राहिली की पाण्यातली माणसंही काम थांबवून तिच्याकडे बघू लागली.

"ह्यांना बी काळीज असंल," ती शेवटी म्हणाली.

"आसतंय की." सटवाजींनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "बोराएवढं."

"धडधडतंय?"

"धडधडतंय. भायेर काढलं तरी वाईच..." आपण काय बोलत आहोत हे लक्षात येऊन ते थांबले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं.

गंगम्मानं मान हलवली. तिनं पदर खोचला. मग, ज्या नात्यानं चार वर्षांत त्यांना कधी हाक मारली नव्हती, त्या नात्यानं म्हणाली,

"इवाई, सांच्याला घरी जेवायला या."

सटवाजी भरलेलं घमेलं उचलत होते, ते अर्ध्यातच थांबले. घमेल्यात दोन मोठे रोहू ओल्या पोत्याखाली हलत होते.

"येतो की," ते चाचरत म्हणाले. "आंगुळ करून, साबन लावून..."

"आंघोळीला पाणी कुठाय? असेच या."

हातातलं घमेलं कलंडत चाललं होतं, कडेवरून पाण्याची धार लागली होती, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"आवो, सांडून राहिलं," गंगम्मा म्हणाली, आणि दुसरी बाजू धरायला खाली वाकली.